सुट्टीला आला की बघू

माघ सरत आला की आमच्या मागच्या रानातून वाळल्या शाळूचा वास यायला लागतो. गोडसर, धुरकट, घशाशी जरा खाजवणारा. इकडे कवठे महांकाळकडे शाळूची ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. कणसासकट उभं ताट दोन्ही हातांनी धरायचं, कमरेतून मागं रेलायचं आणि काळं रान ते सोडेपर्यंत दम धरायचा. पानांवर दव असतं तोवर हे काम बरं. उन्हं चढली की तीच पानं मनगटं सोलून काढतात. म्हणून आमचे हे उजाडायच्या आत रानात जातात. लष्करातून सुटून इतकी वर्षं झाली, पण यांचं उठणं अजून बिगुलावरच आहे. मी मागाहून चहाची किटली घेऊन बांधावर जाते आणि उपटलेल्या ताटांच्या ओळी बघत उभी राहते.

सुगी म्हटलं की लोकांना सुबत्ता आठवते. दाणे घरात येणार, कडब्याची गंज लागणार, नव्या ज्वारीची भाकरी तव्यावर टम्म फुगणार. मलाही ते सगळं आवडतं, आवडत नाही असं कोण म्हणेल! पण नव्वदीतली एक सुगी माझ्या अंगात जी शिरून बसली आहे, ती काही केल्या निघत नाही.

गुडघे ऐकेनासे झाले तेव्हा मी मुदतीआधीच शाळेतून बाहेर पडले. निरोपाचा कार्यक्रम झाला. आमच्यातला एक तरुण मास्तर फार छान बोलतो, त्याने कुठून कुठून माहिती काढून ठेवली होती. म्हणाला, बाईंच्या आयुष्यात एक वर्ष सोन्याचं उगवलं. जूनमध्ये नोकरी, दिवाळीनंतर लग्न, पुढच्या श्रावणात मुलगी. एका वर्षात माणसाला आणखी काय मिळायचं? टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या यांनीही वाजवल्या. मी मांडीवरच्या नारळाची शेंडी बोटांनी सारखी करत बसले. पोरगा खोटं काहीच बोलत नव्हता. पण त्या सबंध वर्षात मी सकाळी डोळे उघडले की पहिला विचार एकच यायचा, आपली नोकरी राहणार की जाणार. सोन्याच्या वर्षात माणूस असा जागा होतो का?

मी मूळची वाईची. घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत वडिलांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. आमच्या घरात बाईमाणसाच्या हाताला पगार लागलेला कुणी पाहिला नव्हता. सातारा जिल्ह्यात तेव्हा जागा निघाल्या नाहीत, सांगलीत निघाल्या, आणि पार टोकाच्या तालुक्यातली शाळा माझ्या वाट्याला आली. वडिलांनी आधी गल्लीभर पेढे वाटले आणि मग नकाशात गाव शोधायला घेतलं. ते काही सापडलं नाही. आई म्हणाली, तिकडे म्हणे पाणी नाही. वडील म्हणाले, शाळा तर आहे ना? कृष्णेत डुंबत वाढलेली मी, तिथे गेल्यावर टँकर आला की घागर घेऊन धावायला शिकले.

गावात मला खोली दिली ती हौसाक्कांनी. एकट्या राहायच्या, दोन म्हशी होत्या, आणि बोलताना आवाज असा की पलीकडच्या वस्तीला निरोप द्यायला माणूस पाठवायची गरज नसे. पहिल्या दिवशी त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि एवढीशी पोरगी काय शिकवणार म्हणून शेजारणीला ऐकू जाईल असं विचारलं. आठ दिवसांत मात्र माझ्या ताटात पहिली भाकरी वाढायला लागल्या.

शाळा दोन खोल्यांची. पहिली-दुसरी माझ्याकडे. भिंतीला पाठ टेकली तर चुना पाठीवर यायचा. पण त्या खोलीत पाऊल टाकलं की माझ्या अंगात काहीतरी ताठ उभं राहायचं. तिथे गजरा नावाची एक मुलगी होती, भावंडाला काखेत मारूनच शाळेत यायची. तिला पाटी हातात धरायला जमेना, एक हात कायम अडकलेला. मग मी तिला दारातल्या मातीत काडीने अक्षरं काढायला बसवलं. एक दिवस तिने 'ग' काढला, त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. हे माझं आहे का, असं विचारल्यासारखं. मी हो म्हटलं. त्या दिवशी खोलीवर येताना मला वाटलं, आता हे कुणी आपल्याकडून काढून घेऊ नये. इतकं साधं होतं ते. पगाराची गोष्ट नंतरची.

लग्न ठरलं ते पाटणच्या बाजूला. कोयनेच्या खोऱ्यातलं, डोंगरउतारावरचं गाव, घरटी एक माणूस पलटणीत. सासरे सुभेदार होऊन घरी आलेले, मुलगा शिपाई. त्या गावांत लग्नं पंचांगावर ठरत नाहीत, सुट्टीवर ठरतात. जवानाला सुट्टी मिळाली की भटजींनी त्यात मुहूर्त बसवायचा, आणि भटजीही बसवतात. आमच्या बैठकीत सुभेदार फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरीनं नोकरी केली तर आमची ना न्हाई. पर वरीसभर. तवर पाटणला बदली करून घ्यावी, न्हाईतर सोडावी."

वडिलांनी मान हलवली. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात बदली ही वर्षात होणारी गोष्ट नव्हती. शाळेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, बैठकीत कुणालाच नव्हतं, आणि ज्या एकीला ठाऊक होतं ती आत पोह्यांच्या बश्या भरत होती.

लग्नात यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. सुलभाची सुवर्णा झाले. नाव सासूबाईंनी ठरवलेलं, यांनी नुसतं गिरवलं, तेही 'र्ण' काढताना माझ्याकडे बघून हसत. मला तेव्हा ते हसणं फार आवडलं होतं. मग वाईला मी सुलू, पाटणला सुवर्णा आणि शाळेत बाई. तिघींची एकमेकींशी गाठ पडायची ती फक्त एसटीत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी निघायची. मिरज, सांगली, कराड, मग पाटणची गाडी. कराडच्या स्टँडवर गाडी बदलताना मधला जो वेळ मिळे, त्यात मी कुणाचीच कुणी नसे. उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाशेजारी पिशवी मांडीवर घेऊन नुसती बसायची. आज सांगायला हरकत नाही, त्या वर्षातला माझा सगळ्यात सुखाचा वेळ तोच होता.

हे लग्नानंतर थोडे दिवस राहिले आणि उरलेली सुट्टी सुगीसाठी राखून सीमेवर परत गेले. पौषात मला दिवस राहिल्याचं कळलं. आनंद झाला, आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. वर्षाची मुदत आता आपोआपच अलीकडे सरकली होती. बाळंतपण माहेरी होईल, पण पुढे? तान्हं मूल घेऊन मी टँकरच्या गावात राहणार की पाटणला? मी सासूबाईंना विचारलं. त्या वाईट नव्हत्या. पिठाचे हात पुसत म्हणाल्या, "नंदा सुट्टीला आला की बघू." नंदा म्हणजे आमचे हे.

हे वाक्य त्या घराचा आधारस्तंभ होतं. आढ्याला वाळवी लागली होती, ती नंदा सुट्टीला आला की बघू. नणंदेला दाखवायचं होतं, सुट्टीला आला की बघू. म्हैस ठेवायची की विकायची, बांधावरचा आंबा तोडायचा की राहू द्यायचा, देवदेव कधी करायचा, भावकीतला अबोला कुणी मोडायचा, सगळं सुट्टीला आला की बघू. आणि त्या बघूच्या रांगेत शेवटी माझी नोकरी. घरात सुभेदार होते, कर्ता माणूस होता, पण त्यांचंही म्हणणं हेच की मुलगा मिळवता झाला, आता त्याच्या माघारी काही ठरवणं बरं दिसत नाही. यांना पत्रातून विचारावं म्हटलं, तर सगळ्यांची समजूत अशी की सीमेवरच्या माणसाला घरच्या काळज्या कळवू नयेत. मग मीही खुशालीच लिहायची. थंडी कशी आहे, जेवता का वेळेवर.

तर असा तो माघ-फाल्गुन. गावात सुगी सुरू झाली आणि माझा वर्ग रिकामा झाला. पोरं आईबापाबरोबर शाळू काढायला रानात. जी यायची ती अर्ध्या सुट्टीनंतर दिसायची नाहीत. गजरा तर महिनाभर फिरकली नाही. सकाळी हजेरी घेताना माझा आवाज मलाच परत ऐकू यायचा. पहिल्या वर्षाची तपासणी तोंडावर आली होती. मोठे गुरुजी म्हणाले, बाई, दर साली असंच असतं, सुगी उरकली की येतात. पण मला दर साल मिळणार होतं की नव्हतं, हेच माहीत नव्हतं. मी रोज शाळेआधी रानोमाळ हिंडायला लागले. हातात छडी नाही काही नाही, नुसतं बांधावर उभं राहून एकेका पोराचं नाव पुकारायचं. आया म्हणायच्या, एवढी ओळ काढून होऊ द्या बाई. मग मी पदर खोचून ती ओळ काढू लागायची, म्हणजे पोर लवकर सुटेल. पोटात मूल आणि हातात शाळूचं ताट. हौसाक्कांनी एकदा पाहिलं आणि रानभर ऐकू जाईल अशी माझी खरडपट्टी काढली. दुसऱ्या दिवशी मी नुसती नावंच पुकारली. त्या मात्र माझ्याऐवजी ओळीला लागल्या होत्या.

अशात हे सुट्टीला आले. काळी लोखंडी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. आत अक्रोड, सासूबाईंना शाल, सुभेदारांना बाटली, मला लोकरीचे हातमोजे. कवठ्याच्या उन्हात हातमोजे! मी ते घालून दाखवले तेव्हा हे पोट धरून हसले. तोंड रापलेलं, ओठ फुटलेले. मला म्हणाले, बारीक झालीस. मला वाटलं आता विचारतील. तेवढ्यात अंगणात माणसं आली.

माणसं येतच राहिली. त्या सुट्टीत आढ्याची लाकडं बदलली, नणंदेला दाखवायचा कार्यक्रम झाला आणि ठरता ठरता मोडला, देवदेव झाला, आंबा तोडायचं ठरलं आणि रद्द झालं. मी शनिवारी येई आणि सोमवारी उजाडता निघे. आलं की चुलीपुढे. हे कौलांवर नाहीतर पाहुण्यांत. आमची नजरानजर व्हायची ती ताटं वाढताना. एकदा आम्ही दोघं वाईला गेलो. संध्याकाळी घाटावर पाण्यात पाय सोडून बसलो होतो, देवळाच्या पायऱ्यांवर कुणीतरी ओली धोतरं वाळत घातली होती, आणि शब्द अगदी माझ्या ओठांवर आला होता. तेवढ्यात वडील जावयाला गल्लीतल्या लोकांना दाखवायला घेऊन गेले. मी पाण्यातून पाय काढले. आपण विचारलंच नाही म्हणून मला त्या रात्री स्वतःचाच संताप आला. पण खरं सांगायचं तर मला विचारायचं नव्हतं. मला वाटत होतं, यांनीच बोलावं. इतक्या लांबून, इतक्या दिवसांनी येणारा माणूस आपलं नाव काढून काहीतरी सांगेल, म्हणून मी वाट बघत होते.

तपासणी नेमकी सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात आली. पाटणला घरभरणीसारखा बेत होता, नव्या आढ्याची पूजा. सुनेने असायलाच हवं असं सासूबाईंचं म्हणणं. मी कळवलं, तपासणी आहे, येता यायचं नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी पटावरची पोरं आणि वर्गातली पोरं यांतला फरक बघितला, खिडकीतून रानाकडे बघितलं आणि म्हणाले, आमच्याही गावाला शाळूच आहे. मग जी पोरं होती त्यांना वाचायला लावलं. पोरांनी वाचलं, घडाघडा. साहेब जाताना चांगलं बोलून गेले. माझ्या कामाला मिळालेली ती पहिली शाबासकी. ती सांगायला मला एकच माणूस हवा होता, आणि तो तेव्हा पाटणला पूजेला एकटाच पाटावर बसला होता.

यांची गाडी मिरजेहून होती. पाटणहून जीप भरून माणसं पोचवायला आली, मी कवठ्याहून थेट स्टेशनवर गेले. फलाटावर सामानाच्या पाट्या, पुरीभाजीचा वास, हौदाशी तोंड धुणारे जवान. सुभेदार आणि बाकीचे चहाला वळले आणि आम्ही दोघं ट्रंकेजवळ उरलो. आता मात्र मी विचारलं. म्हटलं, माझ्या नोकरीचं काय करायचं? राहू की सोडू?

हे गोंधळले. टोपी काढली, परत घातली. मला खरंच वाटतं, त्यांना हा प्रश्न अजून शिल्लक आहे हेच माहीत नव्हतं. मोठ्या माणसांनी काहीतरी ठरवून टाकलं असेल, असं धरून ते चालले होते. रुळांकडे बघत म्हणाले, "तू ठरव."

मी म्हटलं, "बरं."

मग माणसं परत आली, ओवाळणं झालं, गाडी हलली. यांचा हात दारातून बराच वेळ दिसत राहिला. मी हात हलवला की नाही ते मला आठवत नाही.

आता कुणी हे ऐकलं तर म्हणेल, किती मोकळ्या मनाचा माणूस, बायकोला ठरवू दिलं! मलाही कधीकधी बायका तसं म्हणतात. त्या वेळी मला फलाटावर टाकून दिल्यासारखं वाटलं होतं. बसमध्ये परत येताना डोक्यात नुसती आग. आणि कुठेतरी कवठ्याच्या अलीकडे, द्राक्षांच्या मांडवांकडे बघता बघता, माझ्या लक्षात आलं. अठराव्या वर्षी भरती झालेला हा मुलगा. कुठं झोपायचं, कधी उठायचं, कुठल्या डोंगरावर जायचं, सगळं त्याला सांगितलं जातं. घरी आला की बाप सांगतो. लग्नातलं नावसुद्धा त्याने दुसऱ्यांनी सांगितलेलंच लिहिलं. सबंध घर वर्षभर ज्याच्या तोंडाकडे बघत होतं, त्याला आयुष्यात ठरवायची पाळीच कधी आलेली नव्हती. आमची सगळ्यांची चूक ती. हुकूम पाळणं हेच ज्याचं काम, त्याच्यावर आम्ही घरातले सगळे हुकूम काढायचं टाकून बसलो होतो. हे कळलं तरी माझी आग विझली नाही. फक्त ती कुणावर काढायची ते कळेनासं झालं.

पाडवा झाल्यावर सुभेदार मला न्यायला आले. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. जीप शाळेसमोर लावून ते व्हरांड्यात येऊन उभे राहिले, पाठीमागे हात, पाय थोडे फाकून. शाळा सुटेपर्यंत तसेच उभे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. पोरं गेल्यावर म्हणाले, "चल, सामान बांध. पोटुशी बाय एकली ऱ्हात न्हाई अशी."

मी खूप तयारी केली होती मनात. रडायची, पाया पडायची, भांडायचीही. तोंडातून निघालं ते भलतंच. म्हटलं, "मामा, मला या शाळेवर नेमलंय. दुसरीकडं जा असा हुकूम आलेला नाही. हुकूम नसताना माणसानं ठाणं सोडायचं का?"

त्यांनी पाठीमागचे हात सोडले. तरुणपणी बदली माणूस आला नाही म्हणून एकदा पावसात सबंध रात्र पहाऱ्यावर उभं राहिल्याची गोष्ट ते घरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. मीही दोनदा ऐकली होती. त्यांनी मान हलवली. "न्हाई सोडायचं. ते खरं हाय." वळले, पायरी उतरले आणि तिथून म्हणाले, "पर घराचं ठाणं कुनी सांभाळायचं, सुवर्णा?"

मी वर्गाला कुलूप लावलं. जीप रिकामीच परत गेली. पुढची कित्येक वर्षं मामा माझ्याशी थेट बोलले नाहीत. भाकरी हवी असली तरी समोरच्या भिंतीला सांगायचे. भिंत मीच असायची.

श्रावणात वाईला स्नेहल झाली. बारशाला पाटणहून सासूबाई आल्या, मामा आले नाहीत. रजा संपली तशी पोरीला आईजवळ ठेवून मी कवठ्याला परत आले. दूध दाटून यायचं, वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहायची. पुढे हौसाक्का म्हणाल्या, आण पोरीला हिकडं, म्हशी संभाळती मी, एवढंसं मानूस बघायला काय हुतंय. आणली. वाढली. हे सुट्टीला यायचे, जायचे. मग कायमचे आले, आणि आम्ही इथेच रान घेऊन राहिलो. आणि तेव्हापासून आजतागायत आमच्या घरात ठरवायचं काम माझं. घर कुठं बांधायचं, पोरीला कुठं शिकवायचं, भाजी कुठली आणायची, सगळं. हे विचारतात, मी सांगते, हे करतात. शेजारणी हेवा करतात. मी दमून गेले आहे, हे त्यांना सांगून समजणार नाही.

परवा दुपारी अंगणात कणसं मोडत बसलो होतो. हे कट्ट्यावर, मी खाली पोत्यावर. स्नेहलचा फोन आला. माझे हात भरलेले, म्हणून कट्ट्यावर ठेवून मोठ्याने लावला. ती पुण्यात बँकेत आहे. तिला बढती मिळाली होती, पण जागा इंदूरला. बाळ अजून रांगतंय. जावई चांगला आहे, त्याची नोकरी पुण्याला बांधलेली, तो म्हणतो तू म्हणशील ते. उद्या होकार-नकार कळवायचा होता. म्हणाली, आई, मी काय करू?

आपण मुलीवर काही लादायचं नाही, हे मी फार पूर्वी ठरवून ठेवलं होतं. मी मोठ्या समजूतदारपणे म्हटलं, "बाळा, तुझं आयुष्य आहे. तू ठरव."

ती म्हणाली, "बरं."

माझ्या हातातलं कणीस तसंच राहिलं. ते 'बरं' मला ओळखीचं होतं, मिरजेच्या फलाटावर माझ्या तोंडून निघालं होतं. मी काही बोलणार, तेवढ्यात कट्ट्यावरून हे फोनकडे वाकले. कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाले, "स्नेहल, जा तू. बाळाला घिऊन जा. मी आन तुजी आई येतो तिकडं ऱ्हायाला. शाळूचं बघंल कोनबी."

ती रडायला लागली. खरंच का बाबा, म्हणून परत परत विचारत होती. हे म्हणाले, व्हय, ठरलं.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि पोरीसाठी तो झालाही. पण त्याच्या मागोमाग इतका राग आला की मी हातातलं कणीस खाली आपटलं. फोन बंद झाल्यावर यांनी सवयीने माझ्याकडे बघून विचारलं, बरोबर बोललो ना. मी म्हटलं, "बरोबर बोललात. मला का नाही म्हणालात असं? एकदा जरी म्हणाला असतात, ऱ्हा, मी हाय, तर."

यांना कुठल्या दिवसाबद्दल म्हणतेय ते विचारावं लागलं नाही. खाली मान घालून कणसाचे दाणे नखाने उकरत बसले. मग म्हणाले, "तवा येत न्हवतं मला."

मी उठून कट्ट्यावर त्यांच्या शेजारी बसले आणि त्या सबंध वर्षासाठी मोठ्याने रडले. हे उठून गेले नाहीत.